सातव्या गाण्याची डमी

रविवारचं मटण आज जरा जास्तच झालंय. मार्था पलंगावर आडवी होते, पाय लांब करते आणि पंख्याकडे बघत राहते. पंखा जुना आहे, दर फेऱ्याला एकदा टक् करतो. सुधाकर, म्हणजे तिचा नवरा, गेली कित्येक वर्षं त्याला तेल घालणार आहे. एरवी त्या आवाजाने ती वैतागते. आज मात्र टक्, टक्, टक् ऐकताना तिला वाटतं, लय काही वाईट नाही. या लयीत एक गाणं अगदी नेमकं बसेल. मग ते कुठलं गाणं हे लक्षात येतं आणि ती घाईने डोळे मिटून घेते.

डोळे मिटले म्हणून गाणं थोडंच जातं! ते आपलं येऊन उशाशी बसतं, आणि त्याच्यामागून बाकीचं सगळं.

वडगाव शेरीच्या या सोसायटीत तिला शिरसाट बाई म्हणतात. शाळेत संगीत शिकवायच्या, आता निवृत्त झाल्या, गुडघे दुखतात, एवढीच माहिती. ही बाई कॅसेटच्या जमान्यात मोना होती, हे सांगितलं तर लोक आधी हसतील आणि मग तिच्या गुडघ्यांकडे बघतील. मोना हे नाव नादवेल कंपनीने ठेवलेलं. मार्था नावाची मुलगी पॉप गाते हे कुणी ऐकून घेणार नाही, असं तिथल्या शेठचं ठाम मत होतं. पहिली कॅसेट रिक्षारिक्षात वाजली. दुसरीचं काम सुरू झालं, सात गाण्यांचं, आणि नेमके तेव्हाच कंपनीचे दोन भागीदार हमरीतुमरीवर आले. एकाला भजनं काढायची होती, दुसऱ्याला पॉप. भांडण कोर्टात गेलं, स्टुडिओला कुलूप लागलं आणि टेपा आत अडकल्या. करार असा होता की मोनाने दुसऱ्या कुणासाठी गायचं नाही. भागीदार भांडत बसले आणि ही घरी बसली. करार संपला तोवर लोकांनी कॅसेटी भंगारात द्यायला सुरुवात केली होती.

आता एका नव्या कंपनीने तो सगळा जुना माल विकत घेतलाय. तिथली समिधा ओक नावाची मुलगी मार्थाला अधूनमधून फोन करते. मुलगी चांगली आहे, पण उत्साह फार. पहिल्याच फोनवर म्हणाली, "मॅडम, सहा गाणी तर तुमचीच आहेत. पण सातव्यात तो मेल सिंगर कोण आहे? काय गोड आवाज! आणि ते शब्द! ऑफिसात सगळे तेच म्हणतायत."

मार्थाला तेव्हा हसावं की रडावं कळलं नाही. तो मेल सिंगर वगैरे कुणी नव्हता. ती डमी होती. गाणारी यायच्या आधी वाद्यांवर चाल पक्की करायची म्हणून कुणीतरी नुसतं गाऊन ठेवतं, ती डमी. गीतकाराचे शब्द हातात नसतील तर तोंडाला येतील ते घालायचे, मात्रा जुळल्याशी कारण. गाणाऱ्याने खरं गायलं की डमी पुसून टाकतात. सातव्या गाण्याची डमी अमोसदादांनी गायलेली होती. अमोस भालेराव, सातही गाण्यांचे संगीतकार. त्या दिवशी त्यांना सडकून भूक लागली होती, मनात मिसळ होती, म्हणून 'उशीर झाला, होऊ दे ना' अशा हळव्या गाण्याच्या अंतऱ्यात त्यांनी 'वाटीत थोडी शेव कमी, कांदा जरा बारीक चिर' असं अत्यंत भावपूर्ण स्वरात म्हणून ठेवलं. अंतऱ्याचे खरे शब्द संध्याकाळी आले, मार्थाने पाठ केले, आणि दुसऱ्या दिवशी ती गायला गेली तर दाराला कुलूप.

दादा नगरच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. चारचौघांत कधी गायले नाहीत. माझा आवाज म्हणजे घरात घालायचा लेंगा आहे, म्हणायचे, बाहेर जाताना बदलायचा असतो. डमी स्टुडिओच्या बाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा कडक नियम. ते जाऊन चार वर्षं झाली. त्यांचा गाता आवाज जगात कुठे असेल तर तो त्या मिसळीत आहे.

आज सकाळी चर्चमधून घरी येते न येते तोच समिधाचा फोन. "मॅडम, संध्याकाळी सहाला स्टुडिओ धरलाय. आलात तर तुमच्या आवाजात करू. नाहीतर आहे तसंच सोडू, लोकांना जाम आवडेल." मार्था म्हणाली, दोन्ही नको, ते गाणंच काढून टाका. "अहो मॅडम, सगळ्यात भारी गाणं तेच आहे!" मग मार्थाने दुपारच्या चहापर्यंत मुदत मागून घेतली.

सुधाकर म्हणाला, जा आणि गा. ती म्हणाली, दादांचा आवाज पुसला जाईल. बरं, मग राहू दे तसाच. आणि लोकांनी त्यांना हसावं? मग त्याने पेपर उघडला आणि त्याच्यामागे गडप झाला. बायकोला प्रत्येक दाराची कडी आतून लावून घ्यायचीय, एवढं त्याला कळतं. तीस वर्षं संसार केलाय त्याने.

टक्, टक् चालूच आहे. मधला एक ठोका चुकतो आणि त्या जागी दुसराच आवाज येतो. सुरीचा. स्वयंपाकघरात कुणीतरी कांदा चिरतंय.

मार्था उठून बाहेर येते. आतला पॅसेज आज लांब झालाय. भिंतीला हात लावते तर भिंत मऊ लागते, स्टुडिओत आवाज घुमू नये म्हणून लावतात तसल्या गादीसारखी. तिला त्याचं काही वाटत नाही. उलट बरं वाटतं, चला, शेजाऱ्यांना काही ऐकू जायला नको.

ओट्यापाशी अमोसदादा उभे आहेत. पांढरा शर्ट, बाह्या मात्र दुमडलेल्या. समोर कांद्याचा ढीग.

"बस," ते म्हणतात. "सुरी बोथट आहे तुझी."

"दादा, तुम्ही तर गेलात."

"गेलो. म्हणून काय बोथट सुरीला चांगली म्हणू?"

ती स्टुलावर बसते. जिथे एरवी झारे-उलथणी टांगलेली असतात तिथे एक माईक उलटा लोंबतोय. सुरीचा आवाज त्यात जातोय आणि कुठून तरी मोठा होऊन परत येतोय. ती माईककडे पाठ करते.

"दादा, एक विचारायचं होतं. ते 'उशीर' आहे ना, त्यात तुमचा आवाज राहिलाय."

सुरी थांबते. "कितीसा?"

"सगळा. मिसळीसकट."

"अरे देवा!" दादा लाजतात. मेलेला माणूस लाजतो हे मार्था पहिल्यांदाच बघतेय, आणि तिला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून येते की ती आपलेच हात घट्ट धरून ठेवते. "पाळकसाहेबांनी ऐकलं काय?"

"अजून नाही. पण ऐकतील. आता फोनवर सगळ्या जगाला ऐकू जातं."

"मग पूस."

"मला नाही पुसवत."

"मग राहू दे."

"लोक हसतील तुम्हाला."

"मग गाणंच काढून टाक."

"हो ना? मी पण तेच म्हणतेय," मार्था पटकन म्हणते. जरा जास्तच पटकन.

दादा मनगटाने डोळे पुसतात. कांद्याने आलेलं पाणी. "झालं तर. तुला हवं ते उत्तर मिळालं. मग अजून बसलीस कशाला?"

हवं ते मिळालं तर मोकळं वाटायला हवं होतं. इथे छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालंय.

"कांदा संपला," दादा म्हणतात. "ये, आतून आणू."

ते कोठीच्या खोलीचं दार उघडतात. तिच्या फ्लॅटला कोठीची खोली नाही, पण दार आहे आणि ते उघडतंय. आत नादवेलचं गोदाम. छतापर्यंत खोकी, खोक्यांत कॅसेटच्या डब्या, आणि प्रत्येक डबीवर मोना. फुगवलेले केस, कुणाचं तरी मागून आणलेलं जीनचं जाकीट, कमरेवर हात. दुसऱ्या कॅसेटची कव्हरं कंपनीने गाणी व्हायच्या आधीच छापून ठेवली होती. खोक्यांच्या पलीकडून दोन माणसांचं भांडण ऐकू येतंय. भजन, पॉप, भजन, पॉप. वाद जुना आहे, दोघंही दमलेत, पण कुणी थांबत नाही.

दादा एक डबी उघडतात. आत कॅसेटच्या जागी कांदा आहे, अगदी मापात बसलेला. तो खिशात टाकून ते कव्हरवर बोट ठेवतात. "ही कोण गं?"

"मोना. म्हणजे मीच."

"छे. ही कंपनीची. तू मार्था. हिला त्यांनी कुलपात घातली. तुला कुणी घातली?"

"करार होता ना, दादा."

"करार संपून पोरांची लग्नं झाली."

मार्थाला संताप येतो. एवढी वर्षं सगळ्यांशी गोड बोलून साठवलेला. "तुम्हाला काय जातंय बोलायला? तुम्ही गेलात नगरला, तुमचा ऑर्गन होताच तिथे. मला कुणी बोलावलं? एकाने तरी विचारलं, की बाई, तू गायचीस, आता का गात नाहीस? शाळेत चाळीस पोरांच्या पुढे ओरडून ओरडून गळ्याची चाळण झाली माझ्या. आणि आता आलेत, सहाला स्टुडिओ धरलाय म्हणे!"

ती चांगली किंचाळते. पण गोदामाच्या भिंतीही मऊ आहेत, शब्द तिथेच जिरतात. पलीकडचं भांडण मात्र थांबलंय. बहुतेक दोघं ऐकतायत.

"झालं?" दादा विचारतात. "चल, उपासनेला उशीर होतोय."

शेवटच्या खोक्यामागे लाकडी बाक आहेत. नगरचं चर्च, तिच्या लहानपणचं, उंच खिडक्यांचं. सगळी मंडळी उभी राहून गातायत. मार्थाच्या हातात गीतांचं पुस्तक आहे. दादा पुढे ऑर्गनवर बसलेत, तिच्याकडे पाठ करून. ऑर्गनवर एक लहानसा आरसा टांगलेला आहे. वाजवणाऱ्याला मागे वळता येत नाही, म्हणून मंडळी कधी उठतात, पाळक कधी हात वर करतात, ते तो आरशात बघतो. त्या आरशात मार्थाला आपला चेहरा दिसतो. ओठ हलतायत. अगदी बरोबर हलतायत, एकही अक्षर चुकत नाही. आवाज मात्र नाही.

दादा वाजवायचे थांबतात. मंडळी तशीच तोंडं उघडून उभी राहतात, चित्रातल्यासारखी.

"नगरला यायचीस तेव्हा हे मला इथून दिसायचं," वळून न बघता दादा म्हणतात. "दर वेळी. वाटायचं, विचारावं. मग म्हटलं, जाऊ दे, तिची ती बघेल. आणि माझ्या मातीच्या दिवशीसुद्धा तेच."

"त्या दिवशी मी रडत होते, दादा."

"रडत होतीस ते खरंच गं. पण ओठ कुणासाठी हलवत होतीस?"

मार्था पुस्तक मिटते. आता पळायला दार नाही, चर्चचं दार फार मागे आहे.

"भीती वाटते," ती म्हणते. "आवाज राहिला नाही माझा. वरचा सा लावायला गेलं की फाटतो. त्या सहा गाण्यांत जी आहे ती पोरगी आहे हो, तिला काही माहीतच नाही अजून. आणि तिच्याशेजारी ही अशी मी उभी राहणार. लोक म्हणतील, ही कशाला आली मध्येच? तुम्हाला हसतील म्हणून मी सांगते सगळ्यांना. तुम्हाला कुणी हसणार नाही. मला हसतील."

"हां," दादा म्हणतात. "आता बोललीस."

ते ऑर्गनवर एकच सूर दाबतात. तो लांबत जातो, बारीक होतो, टणटणतो, आणि मग कळतं की ती घंटी आहे, कंडक्टरची. नगरचा स्टँड. पुण्याची लाल गाडी लागलीय आणि दाराशी ही झुंबड. खिडकीतून दादा हात हलवतायत. "ये, ये! मागच्या बाजूने ये!"

मार्था घुसते. गुडघे दुखत नाहीत, याचं तिला त्या गर्दीतही नवल वाटतं. लोक एकमेकांच्या पायांवर उभे आहेत, पिशव्या डोक्यांवरून जातायत. आणि या सगळ्यात दादांच्या शेजारची जागा रिकामी. सीटवर पांढरा रुमाल अंथरलेला, चारही कोपरे सरळ करून.

"एवढ्या गर्दीत ही जागा रिकामी?"

"रिकामी कसली? धरलीय. किती जण येऊन भांडून गेले. एक तर अंगावर आला. म्हटलं, बाबा, येतेय ती, येतेय."

"कोण?"

दादा तिच्याकडे असं बघतात, जसं ती तालमीत सोप्या जागी चुकल्यावर बघायचे.

मार्था सीटची कड धरून उभी राहते. "दादा, नियम तुमचाच होता. डमी बाहेर जाऊ द्यायची नाही."

"तो अर्धा. उरलेला तुला सांगायची वेळच आली नाही, तू आपली नेहमी वेळेवर हजर. गाणारा गाऊन झाल्याशिवाय डमी पुसायची नाही, हा दुसरा अर्धा. नाहीतर गाण्याला भोक पडतं, आणि मग तिथे काहीही येऊन बसतं." ते रुमालाकडे हात करतात. "डमी म्हणजे दुसरं काय असतं गं? हेच."

मार्था रुमालाकडे बघत राहते. कुलूप लागलं, कोर्ट झालं, कंपनी बुडाली, टेपा विकल्या गेल्या. तेवढा सगळा वेळ हे इथे बसलेले.

"एवढी वर्षं तुम्ही ती मिसळ म्हणत बसलात?"

"बसलो. पाय अवघडले. एकदा वाटलं, निदान पाव तरी मागवून घ्यायचा होता."

ती हसते आणि हसता हसता रडायला लागते. गर्दीतले लोक मान वळवून बघतात. बघू देत.

"मी बसले तर तुम्ही?"

"मी उठणार. माझं ठिकाण केव्हाच आलंय."

"मग मी नाही बसत."

"नको बसूस. मी पण नाही उतरत. गाडी इथेच. मागचे शिव्या घालतायत त्या घालू देत." दादा खिडकीबाहेर बघतात. मग हळूच म्हणतात, "मार्था, लई थकलोय गं. बस ना."

असं त्यांनी आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं. रात्र रात्र रेकॉर्डिंग चालायचं तेव्हाही नाही, दवाखान्यात नळ्या लावलेल्या तेव्हाही नाही. मार्था रुमाल उचलते, घडी करून त्यांच्या वरच्या खिशात ठेवते आणि बसते. गाडी धक्का देऊन सुरू होते.

समोर पुढच्या सीटची दांडी आहे. ती धरायला जाते तर हातात माईकचा स्टँड येतो. दादा उभे राहून वरच्या फळीवरून हेडफोन काढतात आणि तिच्या डोक्यावर बसवतात. उजव्या कानावर नीट, डावी बाजू मात्र मागे सरकवलेली.

"एक कान उघडा ठेव. विसरलीस? झाकलेल्या कानात वाद्यं, उघड्या कानात आपला आवाज. तोच ऐकत गायचं. ती सहा गाण्यांतली पोरगी मनात आली तर तिला म्हणावं, नंतर ये."

"पट्टी कुठली, दादा? जुनी नाही झेपणार मला."

"दोन सूर खाली घेतलीय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मघापासून बोलतेस ते ऐकतोय ना. बोलतेस तिथेच गायचं असतं माणसाने." ते दाराकडे सरकतात. गर्दी त्यांना वाट देते. पायरीवर उभं राहून ते हाताने ताल धरतात. "चल. एक, दोन. एक, दोन, तीन..."

उशीर झाला, होऊ दे ना.

आवाज निघतो. तो मोनाचा नाही. खाली आहे, जाड आहे, कडेला थोडा खरखरतो. मार्था घाबरते, थांबणार असते, पण उघड्या कानात तो आवाज तिला भेटत राहतो आणि दुसऱ्या ओळीला तिच्या लक्षात येतं की हा आपल्या ओळखीचा आहे. रोज याच आवाजाने ती सुधाकरला हाक मारते. झाकलेल्या कानात दादा तिच्या बरोबरीने गातायत, तो घरातला लेंगा घालून, बिनदिक्कत. मग अंतरा येतो. ती म्हणते, दारात माझ्या चप्पल तुझी, तेवढी एक खूण पुरे. ते म्हणतात, वाटीत थोडी शेव कमी, कांदा जरा बारीक चिर. दोन्ही एकाच वेळी, एकाच चालीत, आणि आश्चर्य म्हणजे काहीच बिघडत नाही. पुन्हा एकदा म्हणायचं असतं, तसं दोघं पुन्हा म्हणतात. तिसऱ्या खेपेला तिचा एकटीचाच आवाज येतो. उजव्या कानात नुसती वाद्यं.

खिडकीबाहेर बघायचं नाही, हे तिला कुणी सांगितलेलं नाही, पण ती बघत नाही. गाणं संपलेलं नाही. ती गात राहते.

"अगं, मार्था! मार्था!"

पलंगाशी सुधाकर उभा आहे, हातात चहाचा कप. पंखा बंद आहे, वीज गेलीय. मार्थाचा गळा कोरडा पडलाय आणि उशी ओली आहे. ती भिंतीकडे तोंड करून झोपलीय, डाव्या कुशीवर.

"गात होतीस," सुधाकर म्हणतो. चहाचा कप तो तसाच धरून उभा आहे, द्यायचं विसरून. "मला वाटलं, रेडिओ लागला कुठेतरी. मग म्हटलं, वीज गेलीय, रेडिओ कसला."

"कसं होतं?"

तो विचार करतो. खोटं बोलायची त्याला सवय नाही, म्हणून वेळ लागतो. "वेगळंच. पण मी दारातच उभा राहिलो. उठवावंसं वाटेना." मग तो वाकून तिच्याकडे निरखून बघतो. "कान का गं एवढा लाल झालाय? एकच?"

मार्था उजव्या कानाला हात लावते आणि चटकन काढून घेते. कान तापलाय. ती उठून आरशापाशी जाते. डावा कान, इतका वेळ उशीखाली दबलेला, जसाच्या तसा आहे. उजवा लालबुंद, आणि त्याच्याभोवती कातडीत एक गोल वळ उमटलाय, पूर्ण गोल, तासभर काहीतरी घट्ट बसवून ठेवल्यासारखा. त्या गोलाची तिला चांगली ओळख आहे. एके काळी ती रोज असा कान घेऊन घरी यायची आणि आई विचारायची, कुणी पिरगळला?

ती आरशापाशी उभ्या उभ्याच फोन उचलते.

"समिधा, मी येतेय. सहाला. गायला." पलीकडून आनंदाचा जो चीत्कार येतो तो संपायची ती वाट बघते. "पट्टी दोन सूर खाली घ्यावी लागेल. होईल ना?"

"होईल मॅडम, सगळं होईल! आणि सरांचा आवाज? मागे हळू ठेवू या का? छान वाटेल."

मार्था आरशात स्वतःकडे बघते. कानाभोवतीच्या वळावरून बोट फिरवते.

"नाही. माझं गाऊन झालं की पुसायचा. त्याच्या आधी हात लावायचा नाही, आणि नंतर ठेवायचा नाही."

"नक्की, मॅडम?"

"नक्की. आणि हे बघ, पुसायच्या आधी त्याची एक कॉपी मला दे. घरच्या घरी हसायला लागते कधीतरी."

सुधाकर कप पुढे करतो. ती उभ्या उभ्या अर्धा चहा पिते, पर्स काखेत मारते आणि चपला शोधते. तो म्हणतो, अजून दीड तास आहे, एवढी घाई कशाला, केस तरी विंचर. ती मान हलवते. कान अजून गरम आहे. तो निवायच्या आत माईकपुढे पोचायचं म्हणून मार्था, गुडघे दुखतायत तरी, जवळजवळ पळतच जिना उतरते.